शंभराचे पेट्रोल आणि चारशेची अट

पुण्यातल्या एका पेट्रोल पंपावर गेल्या महिन्यात आम्ही रांगेत उभे होतो. आमच्या पुढे एक पोरगा होता. पाठीवर जेवण पोहोचवणाऱ्या कंपनीची चौकोनी पेटी, पायात झिजलेली चप्पल. त्याने खिशातून क्रेडिट कार्ड काढले आणि म्हणाला, "दादा, शंभरचं टाका." पंपावरच्या माणसाने मान हलवली. "शंभरला कार्ड नाही. स्कॅन कर, नाहीतर रोख दे." पोरगा म्हणाला, "खात्यात काही नाही दादा, कार्डावरच आहेत." मागून हॉर्न वाजायला लागले. पलीकडच्या रांगेत एक मोठी मोटार उभी होती. तिच्या खिडकीपाशी कार्डाचे मशीन चालत गेले, तीन हजारांचे पेट्रोल पडले, काचेतून पावती आत गेली. पोराने आपली गाडी ढकलत बाजूला घेतली.

आम्ही शंभराची नोट पुढे केली तर ती त्याने घेतली नाही. "नको काका, मित्राला फोन केलाय." मित्र येईपर्यंत आम्ही बोलत उभे राहिलो. पोरगा ताडीवाला रोडचा. बारावी झालेला, बाप नसलेला. बँकेचा माणूस घरी येऊन कार्ड देऊन गेला, मर्यादा पंधरा हजार. मग त्याने मोबाइलवर महिन्याचे बिल उघडून आम्हाला विचारले, "काका, दोनशेचं पेट्रोल टाकलं की खाली दोन रुपये लागतात आणि त्याच्या खाली छत्तीस पैसे. हे कसले?"

वाचकहो, या दोन रुपये छत्तीस पैशांवर आम्ही आज लिहीत आहोत. रक्कम क्षुल्लक आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण क्षुल्लक रकमाच आपल्या वस्त्यांतून सर्वांत जास्त वेळा गोळा केल्या जातात.

कपड्याच्या दुकानात आपण कार्ड वापरतो तेव्हा बँकेचा कट दुकानदार भरतो. तो त्याने आधीच भावात धरलेला असतो. पेट्रोल पंपवाल्याला हे जमत नाही. त्याचा भाव तेल कंपनी ठरवते आणि त्याचे कमिशन लिटरमागे ठरलेले असते. त्यातून टक्का कापू द्यायला तो तयार नसतो. म्हणून हा भार कार्डधारकावर येतो. त्याचे नाव फ्युएल सरचार्ज. पूर्वी अनेक बँका अडीच टक्के लावत, आता बहुतेक ठिकाणी एक टक्का आहे. या एका टक्क्यावर अठरा टक्के जी.एस.टी. म्हणजे गंमत पाहा, पेट्रोल आजही जी.एस.टी.च्या बाहेर आहे, पण पेट्रोलवरचा सरचार्ज मात्र जी.एस.टी.च्या आत!

मग बँका जाहिरात करतात की आम्ही सरचार्ज माफ करतो. माफ करतात, हे खरे. पण अट असते. एका वेळचे पेट्रोल साधारण चारशे किंवा पाचशे रुपयांच्या वर पाहिजे, आणि तीन ते पाच हजारांच्या आत पाहिजे. आकडा कार्डागणिक बदलतो, पण खालची रेघ जवळपास सगळीकडे आहे. माफीतही सरचार्ज परत येतो, त्यावरचा कर परत येत नाही.

आता हिशेब करू. मोटारवाला महिन्यातून एकदा तीन हजारांचे पेट्रोल भरतो. सरचार्ज तीस रुपये, कर पाच रुपये चाळीस पैसे. तीस परत येतात, त्याला भुर्दंड पडतो पाच रुपये चाळीस पैशांचा. हा पोरगा रोज शंभर या हिशेबाने महिन्याला तेवढेच तीन हजारांचे पेट्रोल भरतो. तेवढाच सरचार्ज, तेवढाच कर. त्याला परत काही येत नाही. भुर्दंड पस्तीस रुपये चाळीस पैसे. पेट्रोल तेच, पंप तोच, पैसे तेवढेच. फरक एवढाच की एकाने ते एकदम भरले आणि दुसऱ्याने तीस वेळा.

यावर एक शहाणा प्रश्न आम्हाला लगेच विचारला जाईल. पैसे बँकेचेच आहेत तर पोराने एकदम चारशेचे का भरू नये? आम्हीही हेच विचारले. तो हसला. गाडी गल्लीत उभी असते, रात्री नळी घालून पेट्रोल काढून नेतात. सकाळी भाऊ तीच गाडी घेऊन खराडीला सिक्युरिटीच्या ड्यूटीवर जातो, दुपारनंतर ती याच्या हातात येते. ज्याने त्याने आपापले भरायचे. आणि कार्डावर महिनाअखेरीस चारशे शिल्लक असतातच असे नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुलूपबंद टाकी असणाऱ्याने बनवलेला नियम उघड्या गल्लीत असा लागू होतो.

पुण्यात दुचाकी ही चैन नाही. 2018 साली आर.टी.ओ.कडे नोंदलेल्या वाहनांची संख्या शहराच्या अंदाजित लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा दुचाकींचा होता. 2007 साली पी.एम.पी.एम.एल. स्थापन झाली तरी बस वेळेवर येत नाही, मेट्रो 2022 साली सुरू झाली ती सगळ्या वस्त्यांपर्यंत पोहोचलेली नाही. बोपोडी, रामटेकडी, येरवडा इथून हिंजवडीला, मगरपट्ट्याला साफसफाईच्या आणि पहाऱ्याच्या कामावर जाणाऱ्या माणसाला गाडी हवीच. पेट्रोलने 2021 साली शंभरी ओलांडली. शंभराच्या नोटेत तेव्हापासून एक लिटरही येत नाही.

या सरचार्जला एक छोटा इतिहास आहे, तो आपण विसरलो आहोत. 8 नोव्हेंबर 2016 रोजी नोटाबंदी झाली. जुन्या पाचशेच्या नोटा पेट्रोल पंपावर 2 डिसेंबरपर्यंत चालल्या, म्हणून तिथे रांगाच रांगा होत्या. मग सरकार म्हणाले, कार्ड वापरा, पेट्रोलवर पाऊण टक्का सूट देऊ. सूट डिसेंबरातच सुरू झाली. तोच जानेवारी 2017 मध्ये काही बँकांनी पंपवाल्यांना कळवले की कार्डाच्या व्यवहारावर एक टक्क्यापर्यंत आकार घेऊ. पंपवाल्यांच्या संघटनेने उलट जाहीर केले की 9 जानेवारीपासून कार्ड बंद. सरकार मध्ये पडले, ग्राहकावर किंवा पंपवाल्यावर भार येणार नाही असे सांगितले गेले, बंद टळला. पंपवाल्यांजवळ संघटना होती, एका इशाऱ्यात काम झाले. आणि क्रेडिट कार्डावरची ती पाऊण टक्क्याची सूट? ती 1 ऑक्टोबर 2019 पासून बंद झाली. त्या वेळी कोणी कुठला पंप बंद पाडला नाही, कारण शंभरचे पेट्रोल भरणाऱ्यांची संघटना नाही.

त्याच धामधुमीत, 30 डिसेंबर 2016 रोजी, पंतप्रधानांनी दिल्लीत पैसे पाठवण्याचे एक ॲप सुरू केले आणि त्याला नाव दिले भीम. बाबासाहेबांच्या अर्थशास्त्राची आठवण म्हणून, असे सांगण्यात आले. नाव दिले याचा आम्हाला राग नाही. पण नाव देणाऱ्यांनी बाबासाहेबांचे अर्थशास्त्र उघडून वाचले असते तर बरे झाले असते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ 1923 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. 1925 साली चलनासंबंधीच्या रॉयल कमिशनपुढे, ज्याला आपण हिल्टन यंग कमिशन म्हणतो, त्यांनी साक्ष दिली. वाद रुपयाचा दर किती पेन्स असावा याचा होता. बाबासाहेबांनी विचारले ते हे, की दर पाडल्याने व्यापारी वर्गाला जो नफा होईल तो येणार कोणाकडून? तो मजुरीवर जगणाऱ्याकडून येणार, कारण भाव चढतात तशी मजुरी चढत नाही. चलनाच्या कोरड्या आकड्यात माणूस शोधण्याची ही रीत. सरचार्जच्या तक्त्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा. चारशेच्या वरच्यांना दिलेली माफी कोणाच्या जिवावर?

बँकवाले सांगतील की व्यवहार शंभराचा असो की तीन हजारांचा, मशीनचा आणि यंत्रणेचा खर्च जवळपास तेवढाच येतो, म्हणून लहान व्यवहारावर माफी परवडत नाही. यात तथ्य आहे. पण मग वरची मर्यादा कशासाठी? ती असते व्यापारी वापर रोखण्यासाठी, ट्रकवाल्याने घरगुती कार्डावर डिझेल भरू नये म्हणून. म्हणजे वरची रेघ गैरवापर रोखते आणि खालची रेघ गरीब वापर रोखते. बँकेला पैसा त्या पोराकडून मिळत नाही असेही नाही. उलट त्याच्याकडूनच जास्त मिळतो. मोटारवाला महिन्याअखेर पूर्ण बिल भरून मोकळा होतो. हा 'मिनिमम ड्यू' भरतो. पंधरा हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के धरा, पाचशे पंचवीस रुपये व्याज आणि त्यावर पुन्हा कर. बाकी थकलेली असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज सकाळी भरलेल्या शंभराच्या पेट्रोलवर आजपासूनच व्याज. वर्षाला बेचाळीस टक्के! राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली तीस टक्क्यांच्या वरचे व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निर्णय रद्द केला. गावच्या सावकाराला परवाना आणि व्याजाची कमाल मर्यादा असते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

अमेरिकेत गेलेली आपली मुले तिथली वेगळीच तऱ्हा सांगतात. तिथे पेट्रोल आपणच भरायचे, कार्ड आधी घालायचे. किती भरणार हे पंपाला ठाऊक नसते, म्हणून तो आधीच एक रक्कम अडकवून ठेवतो. 2022 साली व्हिसा आणि मास्टरकार्डने ही कमाल रक्कम 125 वरून 175 डॉलरवर नेली. भरले तीस डॉलरचे तरी उरलेले कधी काही तास, कधी अधिक काळ अडकून राहतात. खात्यात हजारो डॉलर असणाऱ्याला ते कळतही नाही. दोनशेच शिल्लक असणाऱ्याचे दूध अडते. देश बदलला तरी मर्यादेचा काच त्याच माणसाला बसतो.

काही गोष्टी आपल्या हातात आहेत, त्या वस्तीत सांगा. ऑक्टोबर 2020 पासून कार्डाची मर्यादा स्वतः कमी करण्याची, वापर बंद-चालू करण्याची सोय बँकेने दिलीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पिनशिवाय नुसते टेकवून होणारा व्यवहार 2021 पासून पाच हजारांपर्यंत जातो. नको असेल तर बंद करून ठेवा. 2022 साली केलेल्या नियमांप्रमाणे न मागता कार्ड देता येत नाही, आणि स्पष्ट संमतीवाचून मर्यादेच्या वर खर्च चढवून दंड लावता येत नाही. कार्ड बंद करायला सांगितल्यावर, बाकी काही नसेल आणि बँकेने सात कामाचे दिवस घालवले, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये तिने ग्राहकाला द्यायचे. आणि जिथे जमेल तिथे खात्यातून स्कॅन करून पैसे द्या, त्यावर सरचार्ज नाही. अर्थात खात्यात पैसे असतील तर. तो पोरगा नेमके हेच म्हणत होता.

आमच्या सांगण्यावरून त्याने बँकेला अर्ज केला. परवा त्याचा फोन आला. उत्तर आले होते, एका ओळीचे. 'आपले व्यवहार सवलतीच्या मर्यादेत बसत नाहीत.' त्या बिलात पेट्रोलचे अठ्ठावीस व्यवहार होते. सर्वांत मोठा अडीचशेचा.