असीरगडच्या वाटेचा हिशेब

इंदूरहून मोटारीने बऱ्हाणपुरास येणाऱ्याला असीरगड फुकट दिसतो. सातपुड्याची वळणे संपत आली की खिडकीत एकाएकी तो काळपट, माथ्यावर सपाट असा डोंगर उभा राहतो. कोणीतरी "तो पाहा गड" म्हणतो, मुले माना वळवतात आणि दोन-चार मिनिटांत सारे मागे पडते. हल्ली तर मोटार जवळजवळ गडाच्या दारापर्यंत जाते. असे असता बऱ्हाणपूरच्या तापीकाठाहून पायी निघून गड पाहावा आणि त्याच दिवशी पायीच परत यावे, असा बेत आम्ही चौघांनी आखला, तेव्हा शेजारच्या मंडळींनी आमच्याकडे जरा काळजीनेच पाहिले. चौघे म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ, कॉलेजात जाणारी पुतणी आणि वयाची बहात्तरी गाठलेले आमचे थोरले काका.

मोटार असताना पायी कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गडाच्या जागेतच आहे. नर्मदा आणि तापी या दोन खोऱ्यांच्या मध्ये सातपुडा आडवा पसरलेला; त्यात येथेच तो थोडा वाकून वाट देतो. उत्तरेतून दख्खनेत उतरणारा जुना रस्ता याच वाटेने आला, आगगाडीनेही जवळची हीच खिंड धरली. म्हणून तर हा गड ज्याच्या हाती, त्याच्या हाती दख्खनच्या दाराची किल्ली, असे मानले जाई. चौदाव्या शतकाच्या अखेरीस नासिरखान फारुकीने गड घेतला आणि तापीकाठी शेख बुऱ्हाणुद्दीनांच्या नावाने बऱ्हाणपूर वसविले. अकबर १६०० साली जातीने बऱ्हाणपुरात येऊन बसला, तरी गड हाती यायला १६०१ चा जानेवारी उजाडला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून तो पेशव्यांकडे आला व पुढे शिंद्यांच्या ताब्यात गेला. हे सारे पुस्तकात वाचता येते. परंतु गड आणि शहर यांच्यामध्ये नेमके किती अंतर आहे, म्हणजे माणसाच्या पायाला किती आहे, ते पुस्तकात कळत नाही.

अंतर सुमारे बावीस किलोमीटर, म्हणजे चौदा मैल. पायथ्यापासून चढ साडेआठशे फुटांच्या आसपास. या आकड्यांचे तासांत रूपांतर करण्याचा एक सोपा नियम पुतणीने शोधून आणला. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये सांगितला: दर तीन मैलांना एक तास धरावा आणि दर हजार फूट चढाला अर्धा तास वाढवावा. त्याच्या आदल्याच वर्षी सर ह्यू मन्रो यांनी स्कॉटलंडातील तीन हजार फुटांवरच्या शिखरांची यादी प्रसिद्ध केली होती, आणि तिच्यातील आडवाटेची शिखरे एका दिवसात करून येण्याचे वेड तेथे आजही आहे. त्या लोकांचे एक बरे आहे. जूनमध्ये तिकडच्या डोंगरांत सूर्य सतरा तासांहून अधिक वेळ मावळत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवस मोठा असतो हे खरे, पण तापीखोऱ्यातल्या वैशाखात दुपारी रस्त्यावर चालणे म्हणजे दुखणे विकत घेणे. पावसाळ्यात गड हिरवागार आणि देखणा असतो, मात्र पायऱ्या निसरड्या होतात. तेव्हा आम्हांला उरतो हिवाळा, आणि हिवाळ्याचा दिवस जेमतेम अकरा तासांचा.

आता बेरीज पाहा. जाताना चौदा मैलांचे चार तास चाळीस मिनिटे, चढाची पंचवीस मिनिटे. येताना पुन्हा चार तास चाळीस मिनिटे आणि उतरायला वीस मिनिटे. नुसते चालणेच दहा तासांचे झाले. वाटेत जाता-येता अर्धा अर्धा तास विसावा धरला तर अकरा तास येथेच संपले. गड पाहायचा केव्हा? माथा लहान नाही. सुमारे साठ एकरांचे पठार आहे. फारुकींची मशीद, महादेवाचे देऊळ, तलाव, इंग्रजी छावणीच्या इमारतींचे अवशेष आणि ऐंशी ते सव्वाशे फूट सरळ तुटलेले कडे, एवढे पाहून दशमी खायची तर दोन तास हवेत. म्हणजे तेरा तास. दिवस अकरा तासांचा, काम तेरा तासांचे. ही दोन तासांची तूट भरून काढणे हाच सगळ्या बेताचा गाभा.

ती भरायची पहाटे. संध्याकाळी दमलेल्या पायांनी मालमोटारींच्या रस्त्यावर अंधारात चालण्यापेक्षा पहाटे ताज्या पायांनी अंधारात निघालेले बरे. पहाटे पाचला शनवाऱ्याहून निघायचे, सात वाजता निंबोल्याच्या आसपास सूर्योदय पाहायचा, साडेदहाला माथा गाठायचा, साडेबाराला गड सोडायचा, म्हणजे सहाला दिवेलागणीच्या वेळी घर. दिवस पौष पौर्णिमेचा निवडला. पौर्णिमेचा चंद्र सूर्योदयापर्यंत पश्चिमेला असतो आणि सूर्यास्ताला पुन्हा पूर्वेला उगवतो. दिवसाच्या दोन्ही टोकांना उजेड राहतो. हातात बॅटरी घ्यायचीच, पण डोक्यावरचा दिवा फुकटचा आहे.

कागदावर हे इतके नेटके उतरले, की भावाने तो कागद भिंतीला लावला. थोरल्या काकांनी चष्मा लावून तो वाचला आणि एवढेच विचारले, "अरे, हे तासाला तीन मैल कोणाच्या पायांनी?"

आम्ही गप्प झालो. मग पुढचे आठ दिवस मी आणि पुतणी काकांबरोबर सकाळी फिरायला जाऊ लागलो. ते अडीच मैलांच्या गतीने चालतात. न थांबता, न दमता, पण अडीचच. त्यांच्या पायांनी चौदा मैलांना साडेपाच तासांहून थोडे अधिक लागतात. जाता-येता मिळून जवळजवळ दोन तासांची नवी तूट. भाऊ म्हणाला, काकांना बसने गडाच्या पायथ्याशी आणावे आणि आपण तिघांनी चालावे. हिशेब सुटत होता. पण काका काही बोलले नाहीत, नुसते अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालू लागले. आणि आमच्या घरात त्याचा अर्थ सर्वांना कळतो. या रस्त्याने एकदा पायी जायचे, हे त्यांनी नोकरीत असल्यापासून मनाशी धरलेले आहे. नोकरीची वर्षे फायलींत गेली, मग गुडघ्याचे दुखणे निघाले, आता गुडघा बरा आहे. पुढच्या वर्षी तो असाच राहील हे कोणी सांगावे?

या रस्त्यावर गतीचा प्रश्न नवा नाही. १७६० मध्ये भाऊसाहेबांची फौज दक्षिणेतून निघाली ती बऱ्हाणपुरावरूनच उत्तरेला गेली. मार्चमध्ये निघालेली ही फौज ग्वाल्हेरीस पोचायला मे महिना सरत आला. घोडेस्वार एकटे असते तर पुष्कळ आधी पोचते. पण बरोबर तोफा होत्या, बैल होते, बाजारबुणगे आणि यात्रेकरू होते. सबंध फौजेची चाल ठरते ती तिच्यातील सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पायाने. आमच्या जुन्या मराठी घरांतून पानिपताची हळहळ अजून निघते, तिच्यात ही एक गोष्टही असते. फौजेला बुणगे मागे ठेवता आले असते की नाही, यावर इतिहासकार वाद घालोत. आमचे कुटुंब ही फौज नव्हे, आणि काका हे बुणगे नव्हेत. येथे बदलायचे तर कागद बदलला पाहिजे.

तसा तो बदलला. जाताना चौघेही पायी, काकांच्या गतीने. येताना पायथ्याच्या गावातून बस. पहाटे पाचऐवजी साडेचार. सहा तासांत पायथा, अकरापर्यंत माथा, दोन-अडीच तास निवांत पाहणे, आणि दुपारी परतीची बस. पायीच परतण्याचा भावाचा हट्ट होता, तो पुढच्या हिवाळ्यावर गेला. एक अट मात्र सर्वांनी, काकांनीसुद्धा, मान्य केली: साडेअकरापर्यंत पायथा आला नाही, तर गड न चढता तेथूनच परतायचे. परतण्याची वेळ घरी बसूनच ठरवावी. माथा डोळ्यांपुढे दिसू लागला की माणसाचा शहाणपणा थोडा पातळ होतो.

उरली शिदोरी. बऱ्हाणपूरचे मांडे कितीही प्रसिद्ध असले, तरी ते गरम खायचे. वाटेवर दशम्या, कोरडी चटणी आणि गूळ हेच इमानी. केळी येथे कमी नाहीत. पाणी प्रत्येकी तीन लिटर. काकांचा फिरकीचा तांब्या वेगळा. गडावर तलाव आहेत, पण ते पिण्याच्या हिशेबात धरलेले नाहीत. पाण्याच्या बाबतीत गडानेच धडा दिला आहे. अकबराच्या वेढ्यात आत धान्य आणि दारूगोळा होता, पण माणसांची आणि जनावरांची दाटी होऊन रोगराई पसरली, असे मोगल इतिहासकार लिहितात. जेझुइटांची हकीकत फितुरीचे कारण देते. उलट बऱ्हाणपूरने १६१५ च्या सुमारास, खानखानान अब्दुर्रहीमच्या सुभेदारीत, याच सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारांतून शहरात आणले. तो कुंडी भंडारा आजही पाहता येतो. चालून आल्यावर तो पाहावा. पाण्याची किंमत तेव्हा अधिक कळते.

आईने शिदोरीत तेलाची एक लहान बाटली घालायला सांगितली आहे. गडावरच्या महादेवाला अश्वत्थामा पहाटे फूल वाहून जातो आणि कपाळाच्या जखमेला तेल मागतो, ही कथा येथे लहानथोरांना ठाऊक आहे. आम्ही माथ्यावर पोचू तेव्हा अकरा वाजलेले असतील, पहाट केव्हाच सरलेली असेल, असे पुतणीने तिला समजावले. आई म्हणाली, "असू दे. नाहीतर काकांच्या गुडघ्याला होईल." बाटलीचे वजन कागदावर धरले आहे.