राजाला उसनं कोण देतं?

संपादकांचं पत्र आषाढातच आलं. इंग्लंडच्या इतिहासातल्या निर्णायक वळणांचा आढावा, शब्दमर्यादा बाराशे. म्हणजे शतकाला जेमतेम सव्वाशे शब्द आले. एवढ्यात आठव्या हेन्रीच्या सहा राण्यासुद्धा नांदायच्या नाहीत! तेव्हा आधीच सांगून ठेवतो, हा आढावा समतोल होणार नाही. १०६६, १२१५, १५८८, १६८८ ही माळ वाचकांना पाठ आहे. मला मात्र प्रत्येक वळणावर एकच प्रश्न पडत आला. त्याला छंद म्हणा की खूळ, घरचे दुसरा शब्द वापरतात. राजाला पैसा लागला तेव्हा तो दिला कोणी, आणि दिलेला परत मिळेल असं त्याला का वाटलं?

आपल्या भाषेत पत हा फार हुशार शब्द आहे. माणसाची अब्रू आणि उधारी मिळवण्याची त्याची ताकद, दोन्ही त्यात बसतात. इंग्लंडच्या गादीला पत नव्हती आणि ती कशी आली, ही माझ्या मते त्या देशाची खरी गोष्ट.

हेस्टिंग्जची लढाई विल्यमने एका दिवसात मारली. मला त्यापेक्षा त्याचं १०८५ च्या नाताळातलं काम मोठं वाटतं. ग्लॉस्टरला दरबार भरवून त्याने अख्ख्या मुलखाची मोजदाद करायचा हुकूम सोडला. जमीन कोणाची, नांगर किती, गिरण्या किती, डुकरं चरतील एवढं रान किती. एक बैल, एक गाय, एक डुक्कर सुटलं नाही, अशी त्या काळच्या बखरकाराची कुरकुर आहे. ‘डूम्सडे बुक’ ते हेच. राज्य जिंकणारे पुष्कळ झाले, पण जिंकलेल्या राज्याची इतकी बारीक नोंद करणारे थोडे.

याच घराण्याच्या खजिन्यात पुढे ती काठी आली. हिच्याबद्दल मी बोलायला लागलो की स्टाफरूममधले लोक घड्याळ बघत. हेझल नावाच्या झाडाची फांदी घ्यायची आणि रकमेप्रमाणे तिच्यावर खाचा पाडायच्या. हजार पौंडाला तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी आणि एका पौंडाला जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग काठी मधोमध उभी चिरायची. एक फाक पैसे देणाऱ्याकडे, दुसरी खजिन्यात. हिशेबाच्या वेळी दोन्ही फाका जुळवायच्या. लाकडाच्या शिरा जुळल्या नाहीत तर कोणीतरी लबाडी केली. बाराव्या शतकात रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदाराने हे सगळं लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला कळतं.

तालुक्याच्या कॉलेजात हे शिकवताना मी एकदा निर्गुडीची काठी वर्गात नेली आणि चाकूने खाचा पाडून दाखवल्या. मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, ही तर आमच्या आजीची भिंत.” त्याची आजी दूध घालायची आणि गिऱ्हाइकाचा हिशेब कोळशाच्या रेघांनी भिंतीवर ठेवायची. एक रेघ तिच्या भिंतीवर, एक गिऱ्हाइकाच्या. पुढे कितीतरी वर्षांनी लंडनला मुलाकडे गेलो तेव्हा बँक ऑफ इंग्लंडच्या संग्रहालयात खरी काठी काचेआड पाहिली. मला तो मुलगाच आठवला.

मॅग्ना कार्टाबद्दल एवढंच सांगतो. १५ जून १२१५ ला रनीमीडच्या कुरणात जॉन राजाने जे कबूल केलं ते अडीच महिन्यांच्या आतच पोपने रद्द ठरवलं. त्यातलं बारावं कलम म्हणत होतं की राज्याच्या सल्ल्याशिवाय अमुक कर घ्यायचे नाहीत. दुसऱ्याच वर्षी सनद नव्याने काढली तेव्हा नेमकं तेच कलम गाळलं. स्वातंत्र्याची गंगोत्री वगैरे भाषणं मी पुष्कळ ऐकली, पण गाळलेल्या कलमाची गोष्ट एकाही वक्त्याच्या तोंडून ऐकली नाही.

तिसऱ्या एडवर्डने फ्रान्सशी लढायला फ्लॉरेन्सच्या बार्दी आणि पेरुझ्झी पेढ्यांकडून उचल घेतली आणि थकवली. दोन्ही पेढ्या बुडाल्या, आणि त्यात या थकबाकीचा हात होता. १३४८ ला काळी महामारी आली, मजूर मेले, उरलेल्यांनी मजुरी वाढवून मागितली. १३५१ च्या कायद्याने ती जुन्याच दरावर बांधायचा प्रयत्न झाला. वर चार वर्षांत तीनदा डोईपट्टी बसली. १३८१ मध्ये वॉट टायलर लंडनमध्ये घुसला तो त्यामुळे. गुलाबांच्या युद्धांवर मी एक वाक्य खर्च करणार नाही, हेच ते वाक्य.

आठव्या हेन्रीने पोपला सोडलं, मठ मोडले, त्यांच्या जमिनी विकल्या, हे सर्वश्रुत आहे. मला त्याचं नाणं आवडतं. चांदीत तांबं मिसळत मिसळत त्याने ते इतकं हिणकस केलं की वापरात झिजलं की राजाच्या मुखवट्याचं नाक लाल दिसायचं. लोक त्याला ‘तांबडनाक्या’ म्हणू लागले. स्पॅनिश आरमार १५८८ मध्ये वाऱ्याने, खडकांनी आणि इंग्रज तोफांनी मिळून बुडवलं. त्यावर सिनेमे आहेत, ते पाहावेत.

आता माझं शतक. पहिल्या चार्ल्सने पार्लमेंटला न विचारता आरमारपट्टी बसवली. जॉन हॅम्पडेनच्या वाट्याला त्यातले २० शिलिंग आले. त्याने ते दिले नाहीत आणि कोर्टात गेला. बारा न्यायाधीशांपैकी सात राजाकडे, पाच त्याच्याकडे. हॅम्पडेन हरला, पण ते पाच जण राजाला फार महागात पडले. १६४० मध्ये चार्ल्सने आणखी एक अवलक्षण केलं. व्यापाऱ्यांनी टांकसाळीत ठेवलेलं सोनं-चांदी त्याने अडवून धरलं. पुढे ते सोडलंही, पण गेलेली पत सुटत नाही. व्यापारी आपला पैसा सोनारांच्या पेढ्यांवर ठेवू लागले. ३० जानेवारी १६४९ ला राजाचं डोकं उडालं, त्याचं वर्णन सगळ्या पुस्तकांत आहे.

दुसऱ्या चार्ल्सशी आपला जवळचा संबंध. पोर्तुगीज राजकन्येच्या आंदणातली मुंबई त्याने १६६८ मध्ये वार्षिक १० पौंडांवर कंपनीला देऊन टाकली. हा १० पौंडांचा आकडा आपल्याकडे शाळकरी पोरही सांगतं. त्याच सुमारास कंपनीने राजाला ६ टक्क्यांनी ५०,००० पौंड कर्ज दिलं, हे मात्र कोणी सांगत नाही. भाडेपट्टा कळायचा तर कर्जखत वाचावं लागतं.

हाच राजा जानेवारी १६७२ मध्ये उठला आणि खजिन्यातून देणी देणं थांबवलं. सोनारांचे सुमारे १३ लाख पौंड अडकले. सोनारांकडे ठेवी कोणाच्या, तर विधवांच्या, व्यापाऱ्यांच्या, अनाथांच्या. पेढ्या बसल्या. त्याचे दावे १७०० पर्यंत कोर्टात लोळत होते. मी हे वर्गात अगदी थंडपणे शिकवायचो. निवृत्तीनंतर एका पतसंस्थेत माझी पुंजी अडकली आणि “पुढच्या सोमवारी या” हे वाक्य सतरा सोमवार ऐकलं, तेव्हा १६७२ मला खरं समजलं.

१६८८ च्या ‘वैभवशाली क्रांती’त विल्यम ऑफ ऑरेंज टॉर्बेला उतरला, जेम्स पळाला, अधिकारांची सनद झाली. माझं वळण त्यानंतर सहा वर्षांनी येतं. १६९० मध्ये बीची हेडच्या समुद्रात फ्रेंचांनी इंग्रज-डच आरमाराला झोडपलं. नवी जहाजं हवी होती आणि खजिना रिकामा होता. १६९३ मध्ये सरकारने कर्ज काढलं, तेव्हा हयातभराच्या वर्षासनावर १४ टक्के द्यावे लागले. मग विल्यम पॅटरसन या स्कॉटिश माणसाची योजना चार्ल्स मॉंटेग्यूने पार्लमेंटमधून पार पाडली. लोकांनी १२ लाख पौंड सरकारला द्यायचे, ८ टक्के व्याज घ्यायचं आणि बदल्यात त्यांना बँकेची सनद. व्याजासाठी जहाजांच्या वजनावर आणि दारूवर कर बसवला आणि तो कायद्याने त्याच कामाला बांधून टाकला. २१ जून १६९४ ला वही उघडली. राजा-राणीने १० हजार पौंड लिहिले, आणि त्यांच्यामागे बाराशेहून अधिक लोकांनी. बारा दिवसांत वही भरली. पहिला गव्हर्नर जॉन हूब्लॉन, धर्मछळापायी परागंदा झालेल्या घराण्यातला. सुरुवातीला सतरा कारकून आणि दोन दरवान, बँक एवढीच.

वही भरली कारण आता कर्जदार बदलला होता. चार्ल्सला दिलेले पैसे चार्ल्सच्या मर्जीवर होते. १६९४ चं कर्ज पार्लमेंटच्या कायद्यावर होतं, आणि १६८९ पासून पार्लमेंट एकही वर्ष न चुकता भरत आलं होतं. ते आजतागायत भरतं. त्यात बसणारे कित्येक जण स्वतःच सावकार, ते स्वतःला कसे बुडवणार? १७५० च्या दशकात व्याज ३ टक्क्यांवर आलं. फ्रान्स आकाराने, माणसांनी कितीतरी मोठा, पण त्याच्या राजाला कर्ज महागच पडत राहिलं आणि १७८९ ला पैशांसाठीच सभा बोलवावी लागली. तिचं पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको.

आमचे एक विद्वान स्नेही आहेत. नाव घेत नाही, ते हा अंक वाचतात. एका परिसंवादात ते मला म्हणाले, “तुम्ही इतिहास वाचत नाही, पासबुक वाचता.” टाळ्या त्यांना पडल्या. मला तेव्हा सुचलं नाही ते आता लिहितो. थोरल्या बाजीरावाची ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रं पाहा. चाळीसेक लढाया न हरलेला माणूस त्यात सावकारांपायी काकुळतीला आलेला दिसतो. सावकार पेशव्याच्या तोंडाकडे पाहून पैसे देई. पेशवा गेला, घरात कलह झाला, की पत उडाली. १८०३ च्या युद्धात कंपनीच्या तोफांचं कौतुक आपण पुष्कळ केलं. त्या मोहिमांना सुरत-बनारसच्या आपल्याच पेढ्यांनी पैसा पुरवला होता. त्या सावकारांना देशद्रोही म्हणून मोकळं होता येतं. पण त्यांना कंपनीचं कर्जखत शिंद्यांच्या शब्दापेक्षा भरवशाचं का वाटलं, हे विचारावंच लागेल, आणि त्यासाठी पासबुकच वाचावं लागतं.

हल्ली हे विचारणारं कोणी राहिलं नाही. आमच्या विद्यापीठात इंग्लंडच्या इतिहासाचा पूर्ण पेपर होता, तो आक्रसत एका घटकावर आला. मुलं राण्यांच्या मालिका पाहून येतात, पोशाख बिनचूक सांगतात, करपद्धत विचारली की हसतात. कॉलेजच्या ग्रंथालयातले मेकॉलेचे खंड मागच्या वर्षी रद्दीच्या ढिगात दिसले. एक मी उचलून आणला. त्यावरचं शेवटचं नाव माझंच होतं.

राहिला एक हिशेब. बँकेच्या प्रेमात मी तो वर्षानुवर्षं टाळला, हे कबूल करतो. १८३४ मध्ये खजिन्यातल्या जुन्या निरुपयोगी काठ्या पार्लमेंटच्या तळघरातल्या भट्टीत जाळायला घेतल्या. १६ ऑक्टोबरला त्या इतक्या भडकल्या की पार्लमेंटच जळून गेलं. त्याच पार्लमेंटने आदल्या वर्षी गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला होता आणि २ कोटी पौंड नुकसानभरपाई कबूल केली होती, गुलामांच्या मालकांना. गुलामांना एक पेनीही नाही. त्यासाठी सरकारने कर्ज काढलं, आणि पत असलेल्या सरकारने ते नेमाने फेडलं. शेवटचा हप्ता २०१५ साली गेला. तोवर कर भरणाऱ्यांत वेस्ट इंडीजमधून आलेली, त्याच गुलामांची पतवंडं-खापरपतवंडंही होती.