सिकलसेल : कागदाच्या पट्टीवर रक्ताची ओळख

भंडारा, पवनी, तुमसर, साकोलीकडच्या वस्त्यांत सिकलसेल हे नाव नवे नाही. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार बराच आढळतो. लेकराचे हातपाय सुजतात, सांधे ठणकतात, डोळे पिवळे पडतात. घरचे मात्र सुनेला दोष देतात. हे चूक आहे. आजार होतो तो आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच.

या आजारात हिमोग्लोबिनचा एक लहानसा घटक बदललेला असतो. त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अशा हिमोग्लोबिनवरचा विद्युतभारही वेगळा असतो, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले.

त्याच रसायनाचा उपयोग अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील संशोधक उमुट गुरकान यांनी केला. त्यांच्या गटाच्या ‘हेमचिप’मध्ये बोटातून काढलेला रक्ताचा थेंब कागदाच्या पट्टीवर ठेवून वीज सोडतात. साधे आणि सिकलचे हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेगाने सरकते. कॅमेरा ते टिपतो, संगणक पट्टे ओळखतो. दहा मिनिटांच्या आत निकाल! पुढे याच चित्रांवरून रक्त किती कमी आहे, हेही संगणकाला शिकवण्यात आले. या पट्टीची चाचणी मध्य भारतातील रुग्णांवरही झाली आहे.

याचे महत्त्व काय? गावपातळीवरच्या सोल्युबिलिटी तपासणीत सिकल आहे एवढेच कळते. माणूस नुसता वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस), ते कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, निकालाची वाट पाहावी लागते. मजुरी बुडवून पुन्हा दवाखान्यात कोण जाणार? म्हणून कित्येकांचा निकाल अर्धवटच राहतो.

पण नव्या यंत्राची वाट पाहत बसू नका. राज्याच्या सिकलसेल कार्यक्रमात भंडारा जिल्हा आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. आशाताईंना विचारा. पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली तर दुसरीचा निकाल घेतल्याशिवाय थांबू नका.

सोयरीक जुळवताना मुलगा-मुलगी दोघांचीही तपासणी करा. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे हिमोग्लोबिन साधे असेल, तर बाळाला सिकलसेलचा आजार होत नाही. वाहक माणूस रोगी नव्हे. त्याला नाकारू नका.

घरात रुग्ण असेल तर भरपूर पाणी पाजा, थंडीपासून जपा, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नका. ताप आला, छातीत दुखले किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.