पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली?

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी जाते ती पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर. या पेशी जितक्या जास्त तितकी प्रतिकारशक्ती जास्त, हा पहिला आणि सर्वांत पक्का गैरसमज. तो खोडून काढायला ल्युकोसाइट अ‍ॅडेशन डेफिशिअन्सी हा एक दुर्मीळ जन्मजात आजार पुरेसा आहे. या आजाराच्या बाळाच्या रक्तात पांढऱ्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असतात. तरीही नाळ वेळेवर गळत नाही, जखमा चिघळतात, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो आणि तिथे पू मात्र धरत नाही. रक्तात पेशींची रेलचेल असते, पण हव्या त्या जागी त्या पोचतच नाहीत.

रक्तप्रवाहच पेशींना जखमेपर्यंत नेऊन सोडतो, हा दुसरा गैरसमज. रक्त त्यांना फक्त आसपास आणते. काटा रुतला की तिथल्या पेशींतून केमोकाइन नावाची छोटी प्रथिने पाझरतात आणि जवळच्या बारीक शिरेची आतली भिंत चिकट होते. वाहत चाललेली न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी तिला घासून मंदावते, गडगडत पुढे सरकते, भिंतीवरचे केमोकाइन जाणवताच इंटिग्रिन या प्रथिनांनी भिंत घट्ट धरते आणि फटीतून अंग चोरून बाहेर पडते. वर सांगितलेल्या बाळांमध्ये बहुधा हे इंटिग्रिनच सदोष असते. शिरेबाहेर वाहून नेणारे कोणी नाही. तिथे पेशी स्वतः सरपटते, मिनिटाला साधारण 10 मायक्रोमीटर. तिच्या दोन टोकांपाशी रसायनाच्या प्रमाणात एक-दोन टक्क्यांचा फरक असला तरी तिला दिशा कळते.

सूज आली म्हणजे जंतू असणारच, हा तिसरा गैरसमज. जिवाणू आपल्या प्रथिनांची सुरुवात फॉर्मिल-मेथिओनिनने करतात आणि न्यूट्रोफिल ही खूण ओळखून धावतात. पण आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाही प्रथिने तशीच सुरू करतात. त्यामुळे मुका मार लागून पेशी फुटल्या की एकही जंतू नसताना तीच हाक जाते. गाउटमध्ये युरिक आम्लाच्या स्फटिकांभोवती याच पेशींची गर्दी होऊन अंगठा लालबुंद सुजतो. अशा सुजेवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही.

मग आकड्याला काहीच अर्थ नाही का? आहे. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल दर मायक्रोलिटर रक्तात 500 च्या खाली गेल्या आणि ताप आला तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते, कारण हाकेला धावायला पेशीच उरलेल्या नसतात. मात्र स्टेरॉइड घेतल्यावर शिरांच्या भिंतींना चिकटलेल्या पेशी सुटून रक्तात येतात. आकडा वाढतो आणि संसर्गाचा धोकाही वाढतो. वाटच अडवली तर सुजेचे आजार मिटतील, असेही कोणी म्हणेल. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू न देणाऱ्या नतालिझुमॅब या औषधाला अमेरिकेत 2004 मध्ये मान्यता मिळाली. आजाराचे झटके कमी झाले. पण काही रुग्णांच्या मेंदूत एरवी सुप्त असणारा जेसी विषाणू उसळला. 2005 मध्ये औषध मागे घ्यावे लागले आणि 2006 मध्ये ते कडक देखरेखीच्या अटीवर परतले.

सारांश, योग्य पेशी योग्य जागी वेळेवर पोचणे आणि काम झाल्यावर गर्दी ओसरणे, यालाच निरोगी प्रतिकारशक्ती म्हणायचे. म्हणून ‘इम्युनिटी वाढवतो’ म्हणणाऱ्या काढ्याला किंवा गोळीला एवढेच विचारा: कोणत्या पेशी, कुठे आणि किती वेळ? उत्तर नसेल तर पैसे खर्च करू नका. आणि रिपोर्टमधला आकडा वाढलेला दिसला तर त्यावर खूश होऊ नका, डॉक्टरांना दाखवा.