शार्कचा दात आणि उधव्याचा काळा दगड

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्याला भूकंपाचे धक्के बसू लागले आणि येथील माणूस पायाखालच्या जमिनीचा विचार करू लागला. घराच्या भिंतीला तडा गेला की आपण कशावर उभे आहोत, हा प्रश्न आपोआप पडतो. उधव्याच्या परिसरातील कुतूहल असलेल्या विद्यार्थ्याचा प्रश्न आणखी पुढे जाऊ शकतो. समुद्र येथून फार दूर नाही. मग या डोंगरांत प्राचीन समुद्राच्या खुणा, शार्कचे अश्मीभूत दात मिळतील का?

उत्तर नकारार्थी आहे. पण त्यामागचे कारण दाताइतकेच मोलाचे आहे.

किनाऱ्यावरचे लोक ज्याला मुशी किंवा मोरी म्हणतात, तो शार्क. त्याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. मासा मेला की कूर्चा कुजून जाते आणि बहुधा मागे काही उरत नाही. दात मात्र टिकतात, कारण त्यांच्यावर अतिशय कठीण खनिजाचे आवरण असते. शिवाय जबड्यात दातांच्या ओळीमागे ओळी तयार असतात. पुढचा दात पडला की मागचा त्याची जागा घेतो. एक शार्क आयुष्यात हजारो दात टाकतो. समुद्रतळाच्या गाळात गाडला गेलेला दात भोवतालची खनिजे शोषून काळा, तपकिरी किंवा करडा होतो. हा रंग गाळावर अवलंबून असतो. त्यावरून वय ठरवता येत नाही.

दात सापडण्यासाठी समुद्रात साचलेल्या गाळाचा खडक हवा. उधव्याचा काळा दगड तसा नाही. तो बेसॉल्ट आहे, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठावर वाहून थिजलेला लाव्हा. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइटचे आणि गारेचे टोकदार स्फटिक मिळतात. नवख्याला ते दातासारखे भासतात. पण ते खनिजच. लाव्हाच्या दोन थरांमध्ये क्वचित गाळ सापडतो आणि त्यात जीवाश्मही असतात. मुंबईत वरळीच्या अशाच थरात बेडकांचे जीवाश्म मिळाले. मात्र ते तळ्यातले जीव होते, समुद्रातले नव्हेत.

प्राचीन समुद्र शोधायचा तर उधव्याहून सुमारे दीडशे किलोमीटर उत्तरेला जावे लागते. सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या उघड्या खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे थर उघडे पडले. तेथे शार्क व पाकट माशांच्या दातांबरोबरच आदिम वटवाघळे आणि वानरकुळातील प्राण्यांचे अवशेषही मिळाले. समुद्राचे पाणी आणि दलदलीचा किनारा तेथे शेजारी होते, एवढे त्यावरून कळते. त्या थरांच्या तळाशीही दख्खनचा लाव्हाच आहे. तेथे त्याच्या पाठीवर नंतर समुद्राने गाळ टाकला. उधव्याच्या डोंगरांवर तसा गाळ आढळत नाही.

देशात अन्यत्र कच्छ, ओडिशातील बारिपदा आणि तमिळनाडूतील अरियालूर येथील खडकांतही शार्कचे दात मिळतात. राजस्थानातील जैसलमेरजवळच्या ज्युरासिक काळातील खडकांत मिळालेल्या दातांवरून २०२१ मध्ये ‘स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस’ ही नवी जात नोंदवली गेली. वाळवंटात शार्कचा दात मिळतो, तो तेथे एकेकाळी समुद्र होता म्हणूनच.

ही गोष्ट मान्य व्हायला युरोपातही शतके लागली. माल्टा बेटावर मिळणाऱ्या अशा दातांना लोक दगड झालेल्या जिभा समजत. १६६६ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर पकडलेल्या एका प्रचंड शार्कच्या डोक्याचे निकोलस स्टेनो याने विच्छेदन केले. त्याचे दात आणि त्या ‘जिभा’ यांत त्याला विलक्षण साम्य दिसले. पुढे खडकांचे थर एकावर एक साचत जातात, खालचा थर आधीचा असतो, हे भूशास्त्राचे मूलभूत तत्त्वही त्यानेच मांडले.

संग्राहकाने विसरू नये असे तत्त्व हेच. थरातून उचललेला दात, त्याची जागा नोंदवली नाही, तर केवळ शोभेची वस्तू उरतो. करवतीसारख्या कडांचा त्रिकोणी दात भक्ष्य फाडणाऱ्या शार्कचा, सुईसारखा दात मासे पकडणाऱ्याचा, तर चपटा दात शिंपले फोडणाऱ्याचा, हे दात पाहून कळते. पण त्या समुद्राचे वय, खोली आणि त्यातील इतर जीव यांची माहिती दगडाच्या थरात असते. खाणीत तर थरच खणून नेला जातो. तेथे नोंद चुकली की दुरुस्तीची संधी नाही.

म्हणून दात उचलण्यापूर्वी तो जागेवरच, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रात घ्यावा. गाव, नेमकी जागा, थराचा रंग व जाडी आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी दातासोबत ठेवावी. खाणीत किंवा संरक्षित जागेत परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. विशेष काही आढळल्यास थर न उकरता भूशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयाला कळवावे.

उधव्याच्या विद्यार्थ्याला ही सवय घरच्या दगडावरही लावून घेता येईल. विहीर खणताना किंवा रस्ता कापताना उघडा पडलेला थर त्याने वहीत उतरवावा. तेथे शार्क नसेल. पण ज्याला आपल्या डोंगराचा लाव्हा ओळखता आला, त्याला उद्या वस्तान किंवा कच्छच्या खडकातील समुद्र ओळखणे अवघड जाणार नाही.