मोटारसायकल, वायुशीतित चतुःसिलिंडरी

ओळीने बसविलेल्या चार सिलिंडरांचे व वाहत्या हवेने थंड होणारे एंजिन असलेली मोठी मोटारसायकल. तिचा प्रसार जपानच्या होंडा कंपनीच्या सीबी ७५० (१९६९) या गाडीने झाला. तिची सिलिंडर क्षमता ७३६ घ. सेंमी. असून मिनिटास ८,००० फेऱ्यांना ६७ अश्वशक्ती मिळे. पाच गतींची दंतचक्रपेटी, विद्युत् आरंभक व पुढील चाकास तबकडी गतिरोधक ही तिची वैशिष्ट्ये होत. कमाल वेग ताशी सु. २०० किमी. होता. कावासाकी कंपनीच्या झेड १ (१९७२) या गाडीत ९०३ घ. सेंमी. क्षमतेपासून ८२ अश्वशक्ती मिळे.

चार धावांच्या या एंजिनात भुजादंडाच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्यास एक शक्तिधाव होते. त्यामुळे ते एकसारखे चालते. मात्र मधल्या दोन सिलिंडरांना हवा कमी लागते व ते अधिक तापतात. सिलिंडरांवरील पंख आणि वंगण तेल उष्णता वाहून नेतात. परंतु गाडी गर्दीत संथ चालताना हवेचा झोत मंदावतो. अशा एंजिनाच्या शक्तीला उष्णता-निचऱ्याची मर्यादा पडते. कावासाकीच्याच जीपीझेड ९००आर (१९८४) या द्रवशीतित गाडीने जवळजवळ तेवढ्याच क्षमतेपासून सु. ११५ अश्वशक्ती दिली; मात्र तिच्या सिलिंडरांना प्रत्येकी चार झडपा होत्या.

याउलट पुण्याच्या बजाज ऑटोने कावासाकीच्या सहकार्याने १९८६ मध्ये आणलेल्या केबी १०० या गाडीत एकच लहान सिलिंडर होता. तो चहूबाजूंनी हवेत उघडा असल्याने त्यास वायुशीतन पुरेसे होते.