बोलका कॉम्प्युटर : कुठला निवडावा?

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आई-वडील आता इथे अमेरिकेत आपल्याजवळच राहतात. काचबिंदूने किंवा मधुमेहाने नजर गेली की आधी सुटते ते वाचन. पुण्याहून बहिणीची ईमेल सकाळीच आलेली असते, पण ती कळायला मुलगा-सून कामावरून येईपर्यंत थांबायचे! स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम, घातला तर हे थांबणे टळते. माउस लागत नाही, सगळे कीबोर्डवर चालते.

विंडोजवरचा जुना, नावाजलेला प्रोग्रॅम म्हणजे 'जॉज'. मोटरसायकल शर्यतींत उतरणारे टेड हेंटर यांची दृष्टी १९७८ साली मोटार अपघातात गेली. त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी आणि १९९५ मध्ये विंडोजसाठी जॉज काढला. ऑफिसच्या कामाला उत्तम, पण पैसे मोजावे लागतात. फुकट वापरला तर ४० मिनिटांनी बंद पडतो आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा लागतो. (कीर्तन रंगात यावे आणि माइक जावा, तसे!)

घरच्या वापरासाठी आम्ही 'एनव्हीडीए' सुचवू. ऑस्ट्रेलियातले मायकेल करन स्वतः अंध. त्यांनी २००६ मध्ये याचे काम सुरू केले, आणि तो आजही पूर्ण फुकट आहे. पेन ड्राइव्हवर घेऊन भारतात गेलात तर तिथल्या विंडोज कॉम्प्युटरवरही चालतो. मुख्य म्हणजे त्याच्यासोबत येणारा आवाज मराठीही वाचतो. उच्चार यंत्रासारखे आहेत, कानाला सवय व्हावी लागते, पण अर्थ कळतो. विंडोजमध्ये आधीपासून असलेला 'नॅरेटर' कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकदम दाबून सुरू होतो. तोवर तो कामाला येईल.

मॅकमध्ये 'व्हॉइसओव्हर' २००५ पासून आहे, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. आयफोनवर तो २००९ मध्ये आला. मात्र त्याची पद्धत निराळी. जॉज व एनव्हीडीए दोन्हींत वेबपानावर 'एच' दाबले की पुढच्या मथळ्यावर जाता येते, म्हणून एकावरून दुसऱ्यावर जाणे सोपे. मॅकवर कंट्रोल, ऑप्शन आणि बाण यांची बोटांना नव्याने सवय लावायची. विंडोजची सवय असलेल्या आजोबांना केवळ यासाठी मॅक घेऊन देऊ नका. लिनक्सवर 'ऑर्का' आहे, तोही फुकट. घरात कोणी जाणकार असेल तरच त्या वाटेला जावे.

आता खरी मेख. प्रोग्रॅम कुठलाही असो, त्याला अक्षरे ओळखता आली पाहिजेत. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना छान दिसतो, पण आत रोमन चिन्हे असतात. ऐकणाऱ्याला नुसता गोंधळ ऐकू येतो. फोटो काढून पाठवलेले पान तर त्याच्या लेखी चित्रच. तेव्हा घरच्या अंध माणसाला पत्र किंवा आमंत्रण पाठवताना युनिकोडमध्ये टाइप करा.

हे बातमीपत्र ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी कळवावे. आम्ही अंकाचा युनिकोड मजकूर ईमेलने पाठवू.